नदीतला मासा आणि घरातली टाकी : जुन्नर-आंबेगावच्या पाण्याला लागू असलेले कायदे

१. प्रश्नाचे स्वरूप

नदीतून, ओढ्यातून किंवा धरणातून पकडलेला देशी मासा घरच्या काचेच्या टाकीत पाळता येतो का, याचे थेट उत्तर देणारे एकही कलम भारतीय कायद्यात नाही. उत्तर अनेक अधिनियमांत विखुरलेले आहे आणि ते माशागणिक, पाण्यागणिक बदलते. भीमाशंकर अभयारण्यातल्या ओढ्यातून उचललेले महसिराचे पिल्लू आणि घोडेगावजवळ घोड नदीत गळाला लागलेले त्याच जातीचे पिल्लू कायद्याच्या दृष्टीने सारखे नाहीत. पहिल्या प्रकरणात काही वर्षांची कैद होऊ शकते. दुसऱ्यात बहुधा गुन्हाच होत नाही.

म्हणून हा प्रश्न चार भागांत सोडवावा लागतो. मासा कोणत्या जातीचा, तो कोणत्या पाण्यातला, कोणत्या साधनाने पकडला आणि पकडल्यावर कसा ठेवला? या चारांपैकी दुसरा प्रश्न सर्वांत निर्णायक आहे. तरीही मासा घरी नेणारा तोच प्रश्न क्वचित विचारतो. बिबट्याच्या पिल्लाला हात लावू नये, हे जुन्नर वनविभागातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ओढ्यातल्या माशालाही कायदा लागू होतो, याची जाणीव मात्र गावात कमी आहे आणि शहरात त्याहूनही कमी.

पाश्चात्त्य देशांत ‘गेम फिश’ हा कायद्याने ठरवलेला वर्ग आहे. गळाला लागल्यावर जोरदार झुंज देणारे आणि त्यामुळे शौकिनांना प्रिय असलेले मासे त्यात येतात. महाराष्ट्राच्या कायद्यात असा वर्ग नाही. व्यवहारात मात्र तो आहे. त्यात महसीर पहिला, आणि त्याच्यामागे मरळ, शिवडा, शिंगाळा आणि वाम. या माशांची लहान पिल्ले देखणी असतात, सहज हाती लागतात आणि टाकीत काही आठवडे तरी जगतात. त्यामुळे ती घरी नेण्याचा मोह होतो.

२. नद्या आणि त्यांतले मासे

जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके भीमेच्या खोऱ्याच्या माथ्यावर आहेत. कुकडी नदी चावंड किल्ल्याच्या परिसरात, कुकडेश्वराच्या प्राचीन मंदिरापाशी उगम पावते. तिच्यावर माणिकडोह आणि येडगाव ही धरणे आहेत. पुष्पावतीवर पिंपळगाव जोगे, मीनेवर वडज आणि घोडेवर डिंभे. घोड आहुप्याच्या डोंगरातून निघते, घोडेगावावरून शिरूरकडे जाते, वाटेत मीना आणि कुकडी यांना सामावून घेते आणि शेवटी भीमेला मिळते. सह्याद्रीच्या कड्यावरचा थंड, खडकाळ, वेगवान ओढा आणि पूर्वेकडचे मंद, गढूळ पात्र ही दोन्ही रूपे शंभर किलोमीटरच्या आत दिसतात. माशांची विविधता त्यातूनच आली आहे.

या माशांची पहिली शास्त्रीय नोंद कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने केली. मुंबई सरकारच्या सेवेत दख्खनची पाहणी करताना त्याने इथले मासे गोळा केले आणि त्यांची वर्णने १८३९ पासून प्रसिद्ध केली. कोळी आणि भोई ज्या नावांनी मासे ओळखत, तीच नावे त्याने अनेक जातींना दिली. दख्खनचा महसीर शास्त्रात ‘टॉर खुद्री’ या नावाने ओळखला जातो, तो साइक्सने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून वर्णिला. ‘मुसुल्ला’ ही मोठ्या खवल्यांची दुसरी जात त्याने शिरूरजवळच्या घोडेत नोंदवली. आंबेगावच्या डोंगरातून वाहणारे पाणी हे अशा रीतीने एका जातीच्या शास्त्रीय जन्मस्थानाचे पाणी आहे. मुसुल्ला पूर्वी महसिरांतच गणला जाई. आज त्याची प्रजाती वेगळी मानतात आणि त्याचे अस्तित्व धोक्यात असल्याचे मानले जाते.

महसिराचा जीवनक्रम लक्षात घेतल्याशिवाय कायद्याची गरज कळत नाही. त्याला वाहते, स्वच्छ, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. पावसाळ्यात नदी चढली की तो प्रवाहाविरुद्ध वर जातो आणि गोट्यांच्या, वाळूच्या उथळ तळावर अंडी घालतो. इतर मोठ्या कार्प माशांच्या मानाने त्याची अंडी कमी असतात आणि वाढही सावकाश होते. धरणाची भिंत त्याची वाट अडवते, वाळूउपसा अंडी घालण्याची जागा नेतो आणि उन्हाळ्यात डोह आटले की उरलेले मासे एका ठिकाणी कोंडले जातात. पहिल्या पावसात ‘चढणीचे मासे’ पकडण्याची रीत सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांत जुनी आहे. घरच्या चुलीपुरती पकड असेल तोवर नदी ती झीज भरून काढत असे. जे मासे त्या वेळी वर चढतात, तेच पुढच्या पिढीची अंडी पोटात घेऊन चाललेले असतात, हे मात्र विसरता येत नाही.

३. मासेमारीचा मूळ कायदा

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्याच्या अखत्यारीतला विषय आहे. वने आणि वन्य प्राण्यांचे संरक्षण हे विषय १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत आले. मासा या दोन्ही वाटण्यांत बसतो. ताटातला मासा राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे, रानातला मासा वनविभागाकडे. घरच्या टाकीतला मासा या दोन्ही खात्यांच्या सीमेवर पडतो आणि म्हणूनच बहुतेक वेळा कोणाच्याच नोंदवहीत येत नाही.

देशातला पहिला व्यापक कायदा १८९७ चा भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम. सर्जन फ्रान्सिस डे याने १८७३ मध्ये गोड्या पाण्यातल्या मासेमारीवर सरकारला अहवाल दिला होता आणि त्याच वर्षी हेन्री सलिव्हन थॉमस याचे ‘द रॉड इन इंडिया’ हे गळाच्या मासेमारीवरचे पुस्तक निघाले. नद्यांतले मासे बेसुमार मारले जात असल्याची चिंता तेव्हापासून मांडली जात होती. १८९७ च्या अधिनियमाने पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारणे हा गुन्हा ठरवला. शिक्षा होती दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. जाळ्याच्या आसाचा आकार ठरवण्याचा, अडथळ्याचे बांध रोखण्याचा आणि ठरावीक पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी पूर्ण बंद ठेवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर राज्याचा स्वतःचा मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० आला.

या परंपरेतल्या कायद्यांचा सारा रोख मासा कसा पकडला जातो यावर आहे. ओढ्यात ब्लिचिंग पावडर टाकणे, जिलेटिनच्या कांड्या फोडणे ही कृत्ये मासा मेला काय किंवा गुंगीत जिवंत हाती आला काय, गुन्हाच ठरतात. विषारी द्रव्य जाणूनबुजून प्रवाहात सोडणे हे १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंध कायद्याच्याही विरुद्ध आहे. पण साध्या गळाने किंवा पागाने मासा जिवंत पकडला आणि बादलीतून घरी नेला, तर या कायद्यांना त्यावर काहीच म्हणायचे नसते. मासा खाण्यासाठी पकडला जातो, हे त्यांनी गृहीत धरलेले आहे. जिवंत ठेवण्यासाठीची पकड त्यांच्या रचनेत नाही.

सागरी माशांच्या बाबतीत महाराष्ट्र याहून पुढे गेला आहे. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम, पावसाळ्यातली बंदी आणि अलीकडे ठरवलेली पकडीची किमान लांबी यांनी समुद्रातल्या पिल्लांना काही संरक्षण दिले. रुपेरी पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा ठरला. नदीतल्या महसिराच्या पिल्लाला मात्र असे संरक्षण अजून लाभलेले नाही.

४. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२

मूळ अधिनियमात ‘प्राणी’ या संज्ञेत सस्तन प्राणी, पक्षी, सरपटणारे प्राणी आणि उभयचर होते. मासा नव्हता. २००२ च्या दुरुस्तीने व्याख्या रुंदावली आणि मासे तसेच अपृष्ठवंशी जीव तिच्यात आले. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आता पहिल्या दोन अनुसूचींत संरक्षित प्राणी, तिसरीत वनस्पती आणि चौथीत आंतरराष्ट्रीय व्यापार करारातल्या, म्हणजे साइट्सच्या यादीतल्या जाती आहेत.

कलम ९ प्रमाणे पहिल्या व दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार कोठेही करता येत नाही. अधिनियमात ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणे नव्हे. पकडणे, सापळा लावणे, आमिष दाखवणे हेही तिच्यात येते. अनुसूचीतला मासा जाळ्यात जिवंत धरणे हीसुद्धा शिकारच ठरते. एखादी जात यादीत आहे की नाही, हे चालू अनुसूचीत शास्त्रीय नावावरूनच तपासावे. स्थानिक नावे दर नदीला बदलतात आणि एका नावाखाली दोन जाती वावरतात. बाजारात रोज विकल्या जाणाऱ्या रोहू, कटला, मरळ यांसारख्या माशांना अनुसूचीचे संरक्षण नाही.

जागेवरचे संरक्षण याहून वेगळे आणि जास्त कडक आहे. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. सुमारे १३१ चौरस किलोमीटरच्या या अभयारण्यात आंबेगावच्या पश्चिम डोंगराचा मोठा भाग येतो. ते शेकरूसाठी प्रसिद्ध असले तरी कायदा त्याच्या हद्दीतल्या सगळ्याच वन्यजीवांना लागू होतो. कलम २९ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवानगीवाचून अभयारण्यातून कोणताही वन्यजीव हलवता येत नाही. तिथे जात अनुसूचीत आहे की नाही, हा प्रश्नच उरत नाही. बोटभर लांबीची खवली असो की मळ्या, ती ओढ्यातून उचलून प्लास्टिकच्या पिशवीत घातली की कलम मोडले जाते. कलम ३९ प्रमाणे अभयारण्यात शिकार केलेला प्राणी ही सरकारी मालमत्ता ठरते. अभयारण्यातल्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड अशी तरतूद आहे.

अभयारण्याबाहेरच्या राखीव वनांना १९२७ चा भारतीय वन अधिनियम लागू आहे. राज्य शासनाने केलेल्या नियमांविरुद्ध राखीव वनात मासे मारणे किंवा पाण्यात विष घालणे हा त्याच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. जुन्नरच्या पश्चिमेला, नाणेघाटाच्या आजूबाजूला भटकंतीसाठी येणाऱ्यांनी हे कलम ध्यानात ठेवावे. ज्या ओढ्यात पाय सोडून बसायला मनाई नाही, त्यातला मासा घरी न्यायलाही मुभा आहे, असा निष्कर्ष निघत नाही.

५. वनहक्क, पेसा आणि गावाचा अधिकार

आंबेगाव आणि जुन्नर यांचा पश्चिम भाग घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालच्या अनुसूचित क्षेत्रात मोडतो. महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी या समाजांची ही भूमी. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही घोडेगावलाच आहे. इथे माशावरचा हक्क हा जगण्याचा हक्क आहे आणि कायद्याने तो स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. २००६ च्या वनहक्क अधिनियमाच्या कलम ३ मध्ये सामुदायिक हक्कांत मासे आणि जलाशयांतल्या इतर उत्पादनांचा नावानिशी उल्लेख आहे. त्याच कलमात वन्य प्राण्याची शिकार करण्याचा पारंपरिक हक्क वगळलेला आहे. मासा आणि शिकार यांतला हा फरक कायद्याने जाणीवपूर्वक केला आहे. अभयारण्यात कायम ठेवलेल्या हक्कांचा वापर हे कलम २९ चे उल्लंघन नाही, असे वन्यजीव अधिनियमातही नमूद आहे.

हा हक्क ज्या समाजाला मिळाला आहे, त्याच्यापुरताच आहे. पुण्या-मुंबईहून आलेला पर्यटक किंवा शोभिवंत मासे गोळा करणारा व्यापारी त्याचा आधार घेऊ शकत नाही. गावातल्या मुलाला दोनशे रुपये देऊन पिशवीभर पिल्ले पकडवून घेतली, तर व्यवहाराचे स्वरूप बदलते आणि त्याचा कायदेशीर भार त्या मुलावर येतो. ही गोष्ट उघडपणे सांगितली गेली पाहिजे, कारण अशा व्यवहारात नफा बाहेर जातो आणि गुन्हा गावात राहतो.

वनहक्क अधिनियमाचे कलम ५ ग्रामसभेला वन्यजीव, जैवविविधता आणि पाणलोट क्षेत्र यांच्या रक्षणाचा अधिकार देते. अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीचा १९९६ चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे पेसा नियम लहान जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायत-ग्रामसभेकडे सोपवतात. अमुक डोहात जाळे टाकू नये, चढणीच्या काळात पिल्ले उचलू नयेत, असा ठराव ग्रामसभेने केला तर त्याला कायद्याचे बळ मिळते. महाराष्ट्रात अशा राखणीची परंपराही आहे. वाडा तालुक्यात वैतरणेवरचे तिळसे, महाड तालुक्यात काळ नदीवरची वाळण कोंड अशा ठिकाणी देवाचे म्हणून महसीर पिढ्यान्‌पिढ्या राखले गेले. तिथे मासा कोणी मारत नाही आणि कोणी घरीही नेत नाही. लोकांनी स्वीकारलेला नियम परवाना, गणवेश आणि पावतीपुस्तक यांच्यावाचूनही टिकतो, याचा हा पुरावा आहे.

६. धरणे आणि शेततळी

मोठ्या जलाशयांतला मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो आणि सहकारी संस्थांना त्यात प्राधान्य असते. डिंभे धरणाने आंबेगाव गावासह अनेक गावांची जमीन पाण्याखाली नेली. विस्थापित आदिवासींनी त्याच पाण्यावर मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या ‘शाश्वत’ या संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. शेती गमावलेल्या माणसांनी पाण्यातून उपजीविका परत मिळवली आहे. अशा जलाशयात संस्थेला न विचारता मासा काढणे म्हणजे या माणसांच्या हक्कावर हात टाकणे होय. गळ टाकायचा असो की पिल्ले न्यायची असोत, संस्थेची आणि विभागाची परवानगी घेणे हा इथला पहिला नियम आहे.

शेततळ्यांची स्थिती वेगळी आहे. वाहत्या नदीतला मासा पकडला जाईपर्यंत कोणाच्याही मालकीचा नसतो. बंदिस्त तळ्यात मालकाने सोडलेला मासा मात्र त्याच्या ताब्यातली वस्तू ठरतो आणि तो न विचारता नेणे ही चोरी होते, असे न्यायालयांनी दीर्घकाळ मानले आहे. मालकाच्या संमतीने घेतलेला, बीज विकत आणून वाढवलेला मासा हा घरच्या टाकीसाठी सर्वांत निर्वेध स्रोत आहे.

७. टाकीतला मासा आणि क्रूरता

मासा कायदेशीर मार्गाने मिळाला तरी प्रश्न संपत नाही. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव प्राणी. मासा त्यात आहेच. ज्या पिंजऱ्यात किंवा पात्रात प्राण्याला हालचालीपुरती उंची, लांबी आणि रुंदी मिळत नाही, त्यात त्याला कोंडून ठेवणे कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. काचेची टाकी हे असेच पात्र.

नदीतला मोठा मासा या कसोटीवर घरच्या टाकीत बसत नाही. दख्खनचा महसीर एक मीटरहून अधिक वाढू शकतो. घरातल्या तीन फुटी टाकीत साधारण शंभर ते दीडशे लिटर पाणी मावते. मरळ हवेतून श्वास घेऊ शकते म्हणून टाकीत तग धरते, पण ती शिकारी आहे आणि झाकण नसेल तर बाहेर उडी मारते. महसिराला हा आधारही नाही. माशाच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो. गाळणीत उपयुक्त जिवाणू रुजायला काही आठवडे लागतात आणि तोवर पाणी विषारी होत जाते. नळाच्या पाण्यातले क्लोरीन कल्ले जाळते. वाहत्या पाण्याची सवय असलेला मासा आधी भूक सोडतो, मग रंग आणि शेवटी प्राण. हा त्रास मुका असतो. कायद्याने त्याला आवाज द्यावा ही अपेक्षा रास्त आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड ही १९६० ची रक्कम आजही बदललेली नाही.

मत्स्यालयांच्या दुकानांसाठी केंद्र सरकारने मे २०१७ मध्ये स्वतंत्र नियम काढले होते. त्यांत १५८ जातींच्या प्रदर्शनावर व विक्रीवर निर्बंध होते. व्यावसायिकांचा विरोध झाला आणि पुढे ते नियम मागे घेण्यात आले. परदेशी दुर्मीळ माशांसाठी मात्र नवी व्यवस्था आली आहे. साइट्स यादीतल्या जिवंत प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनी बंधनकारक झाली. श्रीमंत घरांत दिसणारा एशियन अरोवाना साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात असल्याने त्याच्या मालकाला ही नोंदणी करावी लागते. परदेशातून आलेल्या माशाची नोंद होते आणि कुकडीतून उचललेल्या माशाची होत नाही, ही या व्यवस्थेतली मोठी उणीव आहे.

८. जैवविविधता अधिनियम आणि व्यापार

२००२ च्या जैवविविधता अधिनियमाने जैविक संसाधनांच्या व्यापारी वापरासाठी राज्य जैवविविधता मंडळाला आगाऊ कळवणे आवश्यक केले. स्थानिक रहिवाशांना त्यातून सूट आहे. देशी मासे गोळा करून शहरातल्या दुकानांना पुरवणारा बाहेरचा व्यापारी या तरतुदीच्या कक्षेत येतो. ही तरतूद का हवी, हे आकड्यांतून कळते. २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यातल्या तीस जातींचे किमान पंधरा लाख गोड्या पाण्यातले मासे मत्स्यालयांसाठी निर्यात झाले, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्यांत तीन लाखांहून अधिक मासे ‘मिस केरळ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातींचे होते. केरळने त्या माशाच्या पकडीवर हंगामी बंदी घातली, पण बंदीचे महिने आणि विणीचे महिने नीट जुळले नाहीत. स्थानिक माशाच्या विणीचा अभ्यास न करता कायदा केला की असे होते.

महाराष्ट्रातले आशादायक उदाहरण आंबोलीचे आहे. तिथल्या महादेव मंदिराच्या कुंडात ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ ही इवल्या माशाची नवी जात २०२० मध्ये वर्णिली गेली. २०२१ मध्ये राज्य शासनाने तो परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केला. एका लहान माशासाठी कायद्याने पाण्याचा एक तुकडा राखला. प्रत्येक स्थानिक संस्थेची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिची लोकजैवविविधता नोंदवही यांच्याद्वारे अशा जागा सुचवता येतात. जुन्नर-आंबेगावातल्या कोणत्या डोहात कोणता मासा विणतो, हे त्या नोंदवहीत आले तर पुढच्या संरक्षणाला पाया मिळेल.

९. परत सोडण्याचा धोका

टाकीतला मासा मोठा झाला की बहुतेक जण तो दयेपोटी जवळच्या नदीत किंवा धरणात सोडतात. दया खरी असते, पण परिणाम घातक होऊ शकतो. टाकीत लागलेले रोग आणि परजीवी नदीत जातात आणि एका खोऱ्याचा मासा दुसऱ्या खोऱ्यात पोहोचतो.

याचे सर्वांत गंभीर उदाहरण महसिराचेच आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा कंपनीच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसिराचे कृत्रिम प्रजनन होत आले आहे. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी यांच्या संशोधनाने त्याला दिशा दिली. त्या कामाने लाखो पिल्ले नद्यांना मिळाली. पण त्यातली काही पिल्ले कावेरीत सोडली गेली, जिथे ‘टॉर रेमादेवी’ हा कुबडा महसीर राहत होता. दख्खनचा महसीर तिथे फोफावला आणि कुबड्याची संख्या ढासळली. आज कुबडा महसीर अतिसंकटग्रस्त आहे. चांगल्या हेतूने केलेले काम खोऱ्याची सीमा ओलांडल्यावर कोठे जाते, हे यातून दिसते.

भीमेच्या खोऱ्यातही हाच धडा आहे. भीमेवरच्या उजनी धरणात चिलापी या परदेशी माशाने पकडीचा मोठा हिस्सा व्यापला आहे. आफ्रिकन मागूर या परदेशी माशाच्या पालनावर २००० पासून बंदी असूनही तो चोरून वाढवला गेला. जुन्नरच्या धरणात सोडलेला मासा तिथेच थांबत नाही. पाणी उजनीला जाते आणि त्याच्याबरोबर मासाही.

१०. इतर देशांतली रीत

अमेरिकेत प्रत्येक राज्य गळाच्या माशांसाठी परवाना, किमान लांबी, दिवसाची मर्यादा आणि बंद हंगाम ठरवते. मासा जिवंत बाळगणे व वाहून नेणे यांवर अनेक राज्यांत वेगळी बंधने आहेत. राज्याचा नियम मोडून पकडलेला मासा दुसऱ्या राज्यात नेला, तर १९०० च्या लेसी ॲक्टखाली तो केंद्रीय गुन्हा होतो. इंग्लंडमध्ये जिवंत मासे एका पाण्यातून काढून दुसऱ्यात सोडण्यासाठी पर्यावरण संस्थेची परवानगी लागते. तिथल्या कायद्यांचा महाराष्ट्राने घेण्यासारखा गाभा असा की खाण्यासाठी पकडणे आणि जिवंत हलवणे या दोन भिन्न कृती मानून दोन्हींना वेगळे नियम लावावेत.

११. काय करावे

राज्य शासनाने मत्स्यव्यवसाय अधिनियमाखालच्या नियमांत तीन गोष्टी आणणे आवश्यक आहे. देशी मासा जिवंत पकडून हलवण्यासाठी परवाना, नदीतल्या महत्त्वाच्या जातींसाठी किमान लांबी, आणि स्थानिक अभ्यासावर ठरवलेला विणीचा बंद काळ. एका खोऱ्यातला मासा दुसऱ्या खोऱ्यात सोडण्यास मनाई हा त्याचाच भाग असावा. हे करताना वनहक्कधारकांच्या घरगुती मासेमारीला धक्का लागता कामा नये. नियमांचा रोख व्यापारावर आणि हौशी वाहतुकीवर असावा.

ग्रामसभांनी राज्याच्या नियमांची वाट पाहण्याची गरज नाही. विणीचे डोह निश्चित करणे, ते नोंदवहीत आणणे, तिथे पिल्ले उचलण्यास ठरावाने मनाई करणे आणि ठरावाचा फलक ओढ्याकाठी लावणे, हे आजच्या कायद्यातही करता येते. पर्यटकांच्या वाटांवर असा फलक विशेष उपयोगी ठरेल.

घरी टाकी ठेवणाऱ्याची जबाबदारी सर्वांत सोपी आहे. मासा प्रजनन केंद्रातून किंवा शेततळ्याच्या मालकाकडून पावतीसह घ्यावा. अभयारण्यातून आणि राखीव वनातून काहीही उचलू नये. टाकीत मोठा होणारा नदीचा मासा ठेवूच नये, आणि ठेवलेला कोणताही मासा पुन्हा नदीत सोडू नये. जड झालेला मासा परवानाधारक मत्स्यालयाला किंवा दुसऱ्या पालकाला द्यावा. शाळेला अभ्यासासाठी स्थानिक मासा दाखवायचा असेल, तर वनहद्दीबाहेरच्या पाण्यातून, ग्रामसभेच्या संमतीने तो काही तासांपुरता पारदर्शक पात्रात ठेवून त्याच डोहात, त्याच जागी परत सोडावा. कायद्याला न दुखावता मुलांना आपल्या नदीची ओळख करून देण्याचा हा मार्ग प्रत्येक शाळेला खुला आहे.